कराची खोली, घराची खोली

स्कॉटलंडच्या संसदेला वरचं सभागृह नाही. विधानसभेनं घाईत काही मंजूर केलं तर विधान परिषद ते फेरविचाराला परत पाठवेल, अशी सोय तिथे ठेवलेलीच नाही. १२९ सदस्य, एकच सभागृह, आणि मसुदे बारकाईनं तपासण्याचं सगळं ओझं समित्यांवर. १९९९ साली ही संसद सुरू झाली तेव्हापासूनची ही रचना आहे. मंगळवार, बुधवार आणि गुरुवार या तीन दिवसांच्या सकाळी समित्यांच्या, दुपारी सभागृहाच्या.

इथे सांगितलेला मंगळवार कुठल्या एका तारखेचा नाही. २०२५-२६चा अर्थसंकल्प ४ डिसेंबर २०२४ रोजी मांडला गेला आणि २५ फेब्रुवारी २०२५ रोजी मंजूर झाला. त्या मधल्या आठवड्यांत समितीचा दिवस कसा जातो, ते एकत्र करून लिहिलं आहे. बेघरांसाठी नवी कर्तव्यं घालून देणारं गृहनिर्माण विधेयकही त्याच काळात संसदेपुढे होतं. म्हणून हाच हंगाम निवडला.

सकाळी ६.३०

बाहेर मिट्ट काळोख. जानेवारीत इथे सूर्य उगवायला साडेआठ वाजून जातात. ग्लासगोहून एडिनबर्गला येणारी गाडी तासाभराच्या आत वेव्हर्ली स्थानकात पोहोचते, आणि तेवढाच वेळ सदस्याला कागद पुन्हा एकदा चाळायला मिळतो. कागद बरेच असतात. संसदेच्या माहिती केंद्रातले संशोधक प्रत्येक बैठकीआधी टिपण करून देतात. विषयाची पार्श्वभूमी, आकडे, आधीच्या साक्षींतले मुद्दे, विचारता येतील असे प्रश्न. हे संशोधक कोणत्याच पक्षाचे नसतात, आणि सरकारचे तर नसतातच. मंत्र्याच्या मागे अख्खं खातं उभं असतं. सदस्याच्या मागे हे टिपण.

प्रत्येकाच्या वाट्याला मोजकीच मिनिटं येतात. दोन बरे प्रश्न आणि एक उपप्रश्न, एवढाच त्याचा हिशेब. चांगला सदस्य गाडीतच तीन प्रश्नांवर काट मारतो.

८.००

वेव्हर्लीहून कॅनॉनगेटचा उतार धरून पंधरा-वीस मिनिटं चाललं की संसद येते. समोर राजवाडा, पाठीमागे आर्थर्स सीटचा डोंगर. कॅटलान वास्तुकार एन्रिक मिरालेस यांनी ही इमारत आखली आणि ती पुरी व्हायच्या आधीच, २००० साली, ते गेले. २००४मध्ये ती उघडली, तेव्हा खर्च चाळीस कोटी पौंडांच्या वर गेला होता. लोकांचा पैसा कसा वाढत जातो याचा पहिला धडा या संसदेला स्वतःच्याच इमारतीनं दिला.

या वाटेवर एखाद्या दुकानाच्या पायरीशी झोपण्याची पिशवी दिसते. बेघर म्हटलं की तेवढंच डोळ्यांपुढे येतं. स्कॉटलंडमधले बहुतेक बेघर मात्र रस्त्यावर दिसत नाहीत. ते तात्पुरत्या निवाऱ्यात असतात. स्थानिक परिषदेनं भाड्यानं घेतलेल्या सदनिकेत, वसतिगृहात, स्वस्त लॉजच्या खोलीत. ३१ मार्च २०२४ रोजी अशी १६,३३० कुटुंबं होती आणि त्यांत १०,११० मुलं होती. मुंबईकराला हे समजावून सांगायला नको. संक्रमण शिबिरात दोन वर्षांसाठी म्हणून गेलेली बिऱ्हाडं त्यानं म्हातारी होताना पाहिली आहेत.

९.००

समित्यांच्या खोल्यांना रॉबर्ट बर्न्स, अ‍ॅडम स्मिथ, जेम्स क्लार्क मॅक्सवेल अशी नावं दिलेली आहेत. बैठकीआधी सदस्य, अध्यक्ष आणि समिती सचिव थोडा वेळ एकत्र बसतात. कोण कोणत्या मुद्द्यावर बोलणार हे ठरतं. सदस्य वेगवेगळ्या पक्षांचे, तरी इथे वाटणी बऱ्यापैकी समजुतीनं होते. कारण एकच मुद्दा तिघांनी उगाळला तर सुटतो तो साक्षीदार, हे सगळ्यांना कळतं.

९.३०, कराची खोली

अर्थ आणि लोकप्रशासन समिती. त्या हंगामात अध्यक्ष केनेथ गिब्सन. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला स्कॉटिश फिस्कल कमिशनचे तेव्हाचे अध्यक्ष प्राध्यापक ग्रॅमी रॉय आणि त्यांचे सहकारी. कर किती येईल याचा अंदाज सरकार स्वतः करत नाही. तो या स्वतंत्र आयोगानं करायचा असतो. ध्वनिक्षेपकाचं बटण दाबावं लागत नाही, ते कर्मचारी सांभाळतात. मागच्या खुर्च्यांवर कोणीही येऊन बसू शकतं, आणि घरबसल्या थेट प्रक्षेपण पाहता येतं. लोकसभेच्या समित्यांच्या बैठका नियमानंच बंद दाराआड होतात. त्यामुळे हे उघडं दार मला फार मोलाचं वाटतं. उत्तर देणाऱ्याचा चेहरा लोकांना दिसला पाहिजे.

आपल्याकडे पगारावरचा प्राप्तिकर दिल्ली लावते आणि वित्त आयोगाच्या सूत्रानं राज्यांना वाटा मिळतो. राज्याला त्याचा दर ठरवता येत नाही. स्कॉटलंडला तो ठरवता येतो. १९९८च्या कायद्यानं मूळ दर तीन पेन्सपर्यंत वरखाली करण्याची मुभा दिली होती, ती कोणी कधीच वापरली नाही. स्वातंत्र्याच्या प्रश्नावरच्या सार्वमतानंतर आलेल्या २०१६च्या कायद्यानं मात्र नोकरी, धंदा, पेन्शन यांच्या उत्पन्नावरचे दर आणि टप्पे ठरवण्याचा जवळजवळ पूर्ण अधिकार आला, आणि तो एप्रिल २०१७पासून लागू आहे. व्याज आणि लाभांश यांवरचा कर लंडनकडेच राहिला. १२,५७० पौंडांची करमुक्त मर्यादाही तिथेच ठरते.

इंग्लंडमध्ये तीन टप्पे, स्कॉटलंडमध्ये सहा. १९ टक्क्यांपासून सुरुवात, मग २०, २१, ४२, ४५ आणि वर ४८. २०२५-२६मध्ये वर्षाला २५,००० पौंड मिळवणारा स्कॉटिश माणूस इंग्लंडमधल्या तेवढ्याच पगाराच्या माणसापेक्षा २८ पौंड कमी कर भरत होता. ५०,००० मिळवणारा सुमारे दीड हजार पौंड जास्त भरत होता. दोन्हीकडचा कर सारखा होण्याचा बिंदू तीस हजारांच्या थोडा पुढे होता. ज्याला जास्त मिळतं त्यानं जास्त द्यावं, हे तत्त्व मला मान्य आहे. पण समितीचं काम तत्त्व मान्य झाल्यावर सुरू होतं.

पहिला प्रश्न असतो, दर वाढवला तर हाती किती येतं? आदल्या वर्षी, २०२४-२५साठी, ४५ टक्क्यांचा नवा टप्पा आणला आणि वरचा दर एका पेन्सनं वाढवला. दोन्ही मिळून ८.२ कोटी पौंड येतील असा आयोगाचा अंदाज होता, आणि त्यात वरच्या दराचा वाटा जेमतेम ८० लाखांचा. कारण वरच्या थरातली माणसं वागणं बदलतात. कोणी पेन्शनमध्ये जास्त पैसे टाकतो, कोणी कंपनी काढून पगाराऐवजी लाभांश घेतो, आणि पैसा लाभांशात गेला की तो कर लंडनचा. आयोग हे सगळं आधीच वजा करतो. सदस्य विचारतात, ही वजाबाकी कशावरून? रॉय यांच्या बाजूनं पद्धत सांगितली जाते, गृहीतकं सांगितली जातात. हे उत्तर लांबतं, ठळक बातमीत मावत नाही, आणि तरी सकाळभरातलं सर्वांत कामाचं उत्तर हेच असतं.

दुसरा प्रश्न आणखी अवघड. स्कॉटलंडला स्वतःच्या प्राप्तिकराचा पैसा मिळतो, पण त्या बदल्यात लंडनहून येणाऱ्या अनुदानातून एक रक्कम कापली जाते. बाकीच्या ब्रिटनमध्ये दरडोई कर जसा वाढला, तसाच स्कॉटलंडमध्ये वाढला असता तर किती आला असता, त्या हिशेबानं ही कपात ठरते. म्हणजे खरी कमाई उरते ती फरकाची. दर चढे ठेवूनही पगार आणि रोजगार सावकाश वाढले, तर जादा कराचा बराचसा भाग या कपातीचा खड्डा बुजवण्यातच जातो. ही गोष्ट आयोग वर्षानुवर्षं सांगतो आहे, आणि समिती ती वर्षानुवर्षं मंत्र्यांपुढे ठेवते आहे.

शिवाय सगळं अंदाजावर चालतं. प्रत्यक्ष आकडा महसूल विभागाकडून येईपर्यंत अर्थसंकल्प तीन वर्षं पुढे गेलेला असतो. मग जुन्या चुकीची भरपाई नव्या वर्षात. २०२१-२२च्या करापोटी २०२४-२५मध्ये ३९ कोटी पौंड परत द्यावे लागले. २०२२-२३च्या करापोटी २०२५-२६मध्ये ४४.७ कोटी जादा मिळाले. दोन्ही रकमांचा त्या त्या वर्षीच्या कारभाराशी काही संबंध नाही. एखाद्या परिषदेला पुढच्या तीन वर्षांत किती कर्मचारी ठेवता येतील हे सांगायचं असेल, तर अशा हेलकाव्यांवर ते कसं सांगणार?

१०.३०, घराची खोली

त्याच वेळी दुसऱ्या खोलीत स्थानिक शासन, गृहनिर्माण आणि नियोजन समिती बसलेली असते. त्या हंगामात अध्यक्ष एरियन बर्जेस. दोन्ही समित्यांचा वार एकच, मंगळवार. त्यामुळे एका खोलीतला सदस्य दुसरीत जाऊ शकत नाही.

इथली साक्षीदारांची रांग वेगळी. परिषदांचे गृहनिर्माण अधिकारी, गृहसंस्था, शेल्टर आणि क्रायसिससारख्या संस्थांची माणसं. तात्पुरत्या निवाऱ्यात स्वतः राहिलेल्यांना पुष्कळदा अनौपचारिक बैठकीत ऐकलं जातं, कॅमेऱ्याशिवाय, नावाशिवाय. तसं करणंच योग्य आहे. मुलांच्या शाळेत उद्या कोणी विचारायला नको.

या खोलीत कायद्याचा अभिमानही आहे. १९७७च्या कायद्यानं ब्रिटनमध्ये बेघरांना घर देण्याचं कर्तव्य स्थानिक परिषदांवर पहिल्यांदा टाकलं, पण त्याला चाळणी होती. मुलं असतील, गरोदर असाल, वृद्ध किंवा आजारी असाल तर आधी. धडधाकट एकट्या माणसाला सल्ल्याचा कागद मिळायचा. स्कॉटलंडनं २००३मध्ये ठरवलं की ही चाळणी काढून टाकायची, आणि २०१२ संपताना ती खरोखर काढली. इंग्लंडमध्ये ती आजही आहे. कोणत्याही सरकारनं गरिबाला दिलेल्या कायदेशीर शब्दांमध्ये हा शब्द मी फार वरचा मानतो.

तरीही १५ मे २०२४ रोजी याच संसदेला देशात घरांची आणीबाणी असल्याचं मान्य करावं लागलं. अर्गाइल अँड ब्यूट, एडिनबर्ग, ग्लासगो या परिषदांनी ती त्याआधीच जाहीर केली होती. २०२३-२४ या वर्षात ४०,६८५ अर्ज आले. हक्क आहे, अर्ज मंजूर होतो, आणि पुढे द्यायला घर नाही, म्हणून माणूस तात्पुरत्या निवाऱ्यात अडकतो. घर का नाही? १९८०पासून भाडेकरूंना परिषदेची घरं सवलतीत विकत घेऊ दिली गेली. सुमारे पाच लाख घरं अशी गेली. ती सवलत २०१६ साली बंद झाली, पण गेलेली घरं परत आली नाहीत. खाजगी भाडं परवडत नाही. भाड्यासाठी मिळणारी मदत लंडन ठरवतं, आणि एप्रिल २०२४मध्ये वाढवून ती तिथेच गोठवली गेली.

आणि मग स्कॉटलंडच्या सरकारचं स्वतःचंच केलेलं. २०२४-२५च्या अर्थसंकल्पात परवडणाऱ्या घरांच्या कार्यक्रमातून १९.६ कोटी पौंड कापले गेले. २०३२पर्यंत १,१०,००० घरांचं उद्दिष्ट ठेवलेल्या सरकारनं, आणीबाणी डोळ्यांपुढे उभी असताना. पुढच्या वर्षी ही तरतूद ७६.८ कोटींवर नेली, ते बरं झालं. पण घर बांधणं म्हणजे नळ नव्हे, एका वर्षी बंद केला आणि पुढच्या वर्षी सोडला. जमीन, परवाने, कंत्राटदार, कामगार यांची साखळी एकदा तुटली की जोडायला वर्षं जातात. हे अधिकारी फार सौम्य शब्दांत सांगतात. सदस्यांनी ते सौम्यपणे ऐकून घेऊ नये.

गृहनिर्माण विधेयकाचा गाभा मात्र मला आश्वासक वाटतो. २०१८ साली सरकारी नोंदी जोडून केलेल्या एका अभ्यासात दिसलं की स्कॉटलंडच्या निदान ८ टक्के लोकांनी आयुष्यात कधी ना कधी बेघरपण भोगलं आहे, आणि घर जाण्याआधीच्या काळात त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या वाढलेल्या असतात. म्हणजे संकट येताना कोणाला तरी दिसत असतं. नर्सला, पोलिसाला, तुरुंगाच्या अधिकाऱ्याला. म्हणून विधेयक म्हणतं, अशा प्रत्येक यंत्रणेनं विचारलं पाहिजे, आणि विचारून थांबायचं नाही, काही केलं पाहिजे. परिषदांनीही दोन महिन्यांऐवजी सहा महिने आधीपासून मदत सुरू करायची.

११.४५

इथे एखादा जाणता सदस्य वित्तीय ज्ञापन बाहेर काढतो. प्रत्येक विधेयकाबरोबर ते येतं: या कायद्यानं कोणावर किती खर्च पडेल. ते तपासण्याचं काम अर्थ समितीचं, आणि कर्तव्य कसं पार पडेल हे पाहण्याचं काम विषय समितीचं. कराची खोली आणि घराची खोली यांच्यामधलं दार म्हणजे हा कागद. म्हणूनच तो सर्वांत काळजीपूर्वक वाचला पाहिजे.

नर्सनं विचारायचं, तर तिला प्रशिक्षण हवं, आणि पाळीत दहा मिनिटं हवीत. तिनं कळवलं, तर पलीकडे फोन उचलणारा अधिकारी हवा. हा सगळा रोजचा खर्च आहे, पगारांचा, आणि तो मुख्यतः प्राप्तिकर आणि अनुदानातूनच निघतो. घरं बांधण्याचा खर्च भांडवली. त्याला लंडनहून येणारी भांडवली रक्कम आणि कर्ज लागतं. त्यामुळे ‘कर वाढवा, घरं बांधा’ ही घोषणा पुरी खरी नाही. कराचा पैसा आधी घर जाऊ नये यासाठी लागतो. २०२५-२६मध्ये प्राप्तिकरातून सुमारे २,०५० कोटी पौंड अपेक्षित होते, आणि या नव्या कर्तव्याचे प्रयोग करून पाहण्यासाठी ४० लाख पौंड ठेवले गेले. सुरुवात म्हणून ठीक. देशभरातल्या यंत्रणांसाठी ते अपुरं आहे.

महाराष्ट्रानं एकदा या दोन खोल्यांमधलं दार सताड उघडलं होतं. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची. ते विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम, हा हक्क द्यायचा तर पैसा हवा, म्हणून १९७५मध्ये व्यवसाय कर आणला गेला. शहरातल्या पगारदाराकडून घ्यायचा, तेवढीच भर सरकारनं घालायची, आणि गावातल्या रोजंदारीला लावायचा. हमीचा कायदा १९७७चा. आजही पगारपत्रकावर ती कपात दिसते. कर कशासाठी, हे देणाऱ्याला माहीत होतं. स्कॉटिश संसदेच्या दोन्ही समित्यांनी हा इतिहास जरूर वाचावा.

१२.३०

मतदारसंघातली पत्रं. त्यांतली कित्येक घराचीच असतात: ओल, भाडेवाढ, यादीतला नंबर. सदस्याचे सहायक त्यातल्या त्यात तातडीची वर काढून ठेवतात. सँडविच खात खात परिषदेला फोन.

२.००

सभागृह. मंगळवारची सुरुवात चार मिनिटांच्या चिंतनानं होते. वेगवेगळ्या धर्मांची किंवा कुठल्याच धर्माची नसलेली माणसं येऊन बोलतात. मग प्रश्न, मंत्र्यांची निवेदनं, चर्चा. इथे भाषणं रंगतात, टाळ्या पडतात. सकाळच्या खोलीत ज्यानं नीट ऐकलं असेल, त्याचं भाषण लगेच ओळखू येतं. त्यात आकडा असतो आणि त्या आकड्याची मर्यादाही असते. अर्थसंकल्प अखेर मंजूर होण्याआधी प्राप्तिकराच्या दरांचा स्वतंत्र ठराव इथेच संमत व्हावा लागतो. दर ठरले नाहीत तर अर्थसंकल्प पुढे जात नाही.

५.००

मतदान. बटणं दाबली जातात, निकाल लगेच वाचून दाखवला जातो.

६.००

एखाद्या सर्वपक्षीय गटाची बैठक. गृहनिर्माणाचाही असा गट आहे. तिकडे समितीचे सचिव सकाळच्या साक्षींवरून अहवालाचा मसुदा आखू लागतात. प्रतिवेदकांनी घेतलेला शब्दन्‌शब्द काही दिवसांत प्रसिद्ध होतो. मंत्री किंवा अधिकारी ‘लेखी कळवतो’ म्हणाले असतील, तर ते कळवलं की नाही हे सचिवांच्या यादीत राहतं. मला या यादीचा मोठा आधार वाटतो. समितीचा धाक असतो तो आठवणीचा.

रात्री

शेवटच्या गाडीआधीच्या गाडीनं घरी. उद्याचे कागद आलेले असतात.

या हंगामानंतर काय झालं ते सांगून थांबतो. गृहनिर्माण विधेयक ३० सप्टेंबर २०२५ रोजी मंजूर झालं. विचारण्याचं आणि करण्याचं कर्तव्य कायद्यात आलं, हे समित्यांचं यश आहे. ३१ मार्च २०२५च्या मोजणीत तात्पुरत्या निवाऱ्यातली कुटुंबं १७,२४० झाली होती आणि मुलं १०,१८०. दोन्ही आकडे आदल्या वर्षापेक्षा वाढलेले. अर्थसंकल्पाच्या प्रत्येक हंगामात निदान एका मंगळवारी या दोन समित्यांनी एकाच टेबलाभोवती बसावं, अर्थमंत्री आणि गृहनिर्माण मंत्री या दोघांनाही समोर बसवावं, आणि दरांच्या तक्त्याआधी हे दोन आकडे वाचून बैठक सुरू करावी.